आईकडचं बी

साहेबांना कुणाचीही ओळख करून दिली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तुमच्या आईचं माहेर कोणतं?" समोर तहसीलदार असो, नवी सून असो, नाहीतर कंपनीचा मॅनेजर. एकदा असाच एक मॅनेजर हैदराबादहून आला होता. बिचारा गोंधळून म्हणाला, "गुंटूर." साहेब म्हणाले, "हं, मिरचीचा मुलूख," आणि समाधानानं चहा प्यायला लागले. त्याचं नाव काय, हुद्दा काय, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. मी एकदा न राहवून या प्रश्नामागचं कारण विचारलं, तर म्हणाले, "बापाकडचं काय, आडनावच सांगते बे. आईकडचं कोणी इचारत नाई, म्हणून कोणी सांगत नाई. अन् खोट निघते तं नेमकी तिथूनच."

आता माझं साखरखेर्ड्यात स्वतःचं कृषी केंद्र आहे, पण तेव्हा मी त्यांच्या हाताखाली होतो. आमच्याकडे गावोगाव बियाण्याचे प्लॉट असतात. शेतकरी हिरव्या नेटखाली मिरची, टोमॅटो लावतात, पण खाण्यासाठी नाही, कंपनीला बी द्यायला. बायका सकाळी चिमट्यानं कळ्या उघडतात, नर झाडाचा पराग मादी झाडाच्या फुलाला लावतात आणि त्या फुलाला लोकरीचा रंगीत दोरा बांधतात. दोरा असलेलं फळ बियाण्याचं. बिनदोऱ्याचं फळ आपलं आपण धरलेलं, ते तोडून फेकायचं. शेवटी कंपनी त्या लॉटमधलं मूठभर बी पेरून बघते, आजकाल प्रयोगशाळेत बियाची जात सांगणारी खूण, म्हणजे मार्करही तपासते, आणि लॉट पास किंवा फेल करते. साहेब अशा पन्नासेक प्लॉटचे सुपरवायझर, मी त्यांचा मदतनीस, आणि आमच्या दोघांत मिळून मोटरसायकल एक.

प्लॉटमध्ये मधूनच एखादं भलत्याच वाणाचं झाड निघतं. ते शोधून उपटायचं, हे साहेबांचं काम आणि हेच त्यांचं वेड. तुम्हाआम्हाला ते झाड ओळखूच यायचं नाही. हिरवंगार, फळांनी लगडलेलं. साहेब गळ्यातलं भिंग डोळ्याला लावायचे, पानाची शीर बघायचे आणि मुळासकट उपटून बांधावर टाकायचे. शेतकरी ते उचलून हळहळत बसायचा. पंचक्रोशीत त्यांचं नाव उपट्यासाहेब पडलं ते उगीच नाही. माझ्या लग्नात ते अक्षता टाकायला उशिरा आले. का, तर सासऱ्यांच्या अंगणातल्या झेंडूच्या वाफ्यात दोन रोपं त्यांना पटली नव्हती. हाताला माती तशीच, आणि त्या मातीसकट त्यांनी माझ्या डोक्यावर तांदूळ टाकले. सासरे अजून ती दोन रोपं विसरलेले नाहीत.

कौतुक म्हणाल तर त्यांच्या तोंडून जास्तीत जास्त एवढंच निघायचं, "अजून तरी बरं दिसते." प्लॉट कितीही झकास असो. माझी मुलगी झाली तेव्हाही पाळण्यात वाकून ते हेच म्हणाले, आणि माझ्या बायकोनं त्यांना महिनाभर चहा विचारला नाही.

त्यांचा आणखी एक शिरस्ता होता, तो इथे सांगायलाच हवा. प्लॉटमध्ये खोट निघाली तर ते शेतकऱ्याला एकट्याला कधी सांगत नसत. आधी शेजारच्या एखाद्याला बोलावून बसवायचे, मगच तोंड उघडायचे. "एकट्यात सांगतलं तं तो गावात म्हणते, साहेबानं काहीतरी मागतलं म्हणून. साक्षीदार पाह्यजे." गोष्ट खरी होती. त्यांच्यावर कधी कुणी बोट ठेवू शकलं नाही. पण ज्याची खोट निघाली त्याची चारचौघांत शोभा व्हायची, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात कधी शिरला नाही.

अशीच शोभा त्यांनी आपल्या सख्ख्या धाकट्या भावाची केली होती. भाऊ जानेफळला राहायचा, वडिलांची शेती बघायचा. त्यानं टोमॅटोचा प्लॉट घेतला. तोडणीच्या दिवशी साहेब गेले, आणि ढिगात त्यांना बिनदोऱ्याची फळं दिसली. मजुरांच्या हातून मिसळली असतील, भावाला पत्ताही नसेल. मी कानात म्हटलं, "साहेब, घरचा मामला हाय. निवडून काढू." त्यांनी मला हातानंच बाजूला सारलं. शेजारच्या दोघांना बोलावलं, बसवलं, आणि भावाच्या अख्ख्या लॉटवर भेसळ लिहून मोकळे झाले. त्या दिवसापासून भावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. नऊ वर्षं. मधल्या काळात दिवाळ्या आल्या, श्राद्धं आली, एकमेकांच्या सासरची लग्नं आली, पण दोघं एका पंगतीला बसले नाहीत.

साहेब साठीला टेकले तेव्हा त्यांना प्लॉटमध्ये चालताना धाप लागायला लागली. तोंड फिकट पडलं. बांधावर मध्येच बसायचे. स्वतःचं निदान त्यांनी स्वतःच केलं. पान पिवळं पडलं म्हणजे लोह कमी, हे तर ते रोज शेतकऱ्यांना सांगायचे. मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणल्या आणि पाच महिने इमानेइतबारे खाल्ल्या. रक्त नुसतं कमी झालेलं नाही, ते आतल्या आत कुठेतरी जातंय, हे दुसऱ्याच्या झाडाच्या बाबतीत त्यांना दहा फुटांवरून कळलं असतं. शेवटी एके दिवशी नेटमध्येच चक्कर येऊन पडले, तेव्हा मी आणि त्यांच्या मुलानं त्यांना उचलून संभाजीनगरला नेलं. मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ निघाली. कॅन्सरची.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी साहेब नळी हातात धरून दवाखान्याच्या आवारात फिरत होते, आणि वॉचमन त्यांच्यावर ओरडत होता, कारण त्यांनी वाफ्यातलं शेवंतीचं एक रोप उपटलं होतं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माणूस आता जगतो.

गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. त्याचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी साहेबांना, त्यांच्या पत्नीला म्हणजे आमच्या काकूंना आणि मला समोर बसवलं. वयानं तरुण, पण समजावून सांगायची हातोटी मोठी. म्हणाल्या, "काका, या गाठी बाहेरून सारख्या दिसतात, पण आतून वेगवेगळ्या असतात. पेशी वाढताना त्यांच्या जनुकांत चुका होतात, आणि त्या दुरुस्त करणारं एक प्रथिन शरीरात असतं. तुमच्या गाठीत ते नाही. तशी खूण, म्हणजे मार्कर, मिळालीय."

मार्कर हा शब्द ऐकून साहेब खुर्चीत सरसावून बसले. "बाजूचं चांगलं आतडंबी तपासलं का? कंट्रोल लावल्याशिवाय टेस्टचा काय भरवसा?"

बाईंनी अहवाल त्यांच्यासमोर सरकवला. मग हसून म्हणाल्या, "तपासलंय. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवून."

"मंग बराबर हाय," साहेब म्हणाले. जणू आता त्या अहवालावर त्यांची सही झाली.

बाईंनी पुढे सांगितलं ते असं. गाठ आतड्यापुरतीच होती, पूर्ण निघाली. या टप्प्यावर, असा मार्कर असलेली गाठ पुन्हा उलटण्याची शक्यता कमी असते, आणि नेहमीच्या केमोचा अशा गाठीवर फारसा फायदाही होत नाही. म्हणून केमो द्यायची नाही, नुसती नजर ठेवायची. साहेब खूश झाले. पण साखरखेर्ड्यात बातमी पोचली ती भलतीच. केमो नाही म्हटलं, म्हणजे डॉक्टरनं हात टेकले. बाया काकूंच्या गळ्यात पडून रडून जायला लागल्या. भेटायला आलेला प्रत्येक जण शेवटचं बघावं तसा साहेबांकडे बघायचा, आणि साहेब त्याला दोन तास मार्कर समजावून सांगायचे. तो उठून जाताना काकूंना हळूच विचारायचा, "डोक्यावर तं परिणाम नाई न झाला?"

पण अहवालाचा दुसरा भाग हसण्यासारखा नव्हता. ही खोट नुसती गाठीतली आहे की जन्मापासून रक्तात आहे, हे बघायला बाईंनी साहेबांचं रक्त पाठवलं. ती रक्तातच निघाली. त्या आजाराचं इंग्रजी नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. बाईंनी विचारलं, "घरात कुणाला पोटाचा, गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता?" साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि बाईंच्याच कागदावर घराणं मांडलं. मादी गोल, नर चौकोन. आई पोट फुगून गेली, पन्नाशीत. मामा तसाच गेला. मावशीचं गर्भाशयाचं दुखणं. ज्यांना असं काही झालं होतं ते गोल आणि चौकोन त्यांनी काळे केले, आणि सगळे काळे आईच्या बाजूला निघाले. माणसांना जन्मभर आईचं माहेर विचारणाऱ्या साहेबांनी आईच्या गोलाखाली तिचं माहेर लिहिलं. ते रडतील असं मला वाटलं होतं. रडले नाहीत, पेन खिशाला लावून त्यांनी कागदाची घडी घातली.

साहेबांचा मुलगा तपासून घेतला, तो सुटला. राहिला भाऊ. त्याच्यात ती खोट असेल किंवा नसेल, निम्मी शक्यता. असली तर तो आईच्याच वयाला येऊन ठेपला होता. वेळेवर दुर्बीण घालून बघितलं तर गाठ होण्याआधीच काढता येते, असं बाईंनी बजावून सांगितलं. आणि भावाच्या मुलीचं लग्न ठरलेलं, माघात.

काकू हात जोडून म्हणाल्या, "अहो, पोरीचं लग्न होऊ द्या, मंग सांगा. दोन महिन्यांनं काय होते?"

"आई दोन महिन्यांतच गेली होती," साहेब म्हणाले. "अन् लग्नानंतर सांगतलं तं पोरीच्या सासरचे म्हणतीन, माहीत असून दडवलं. मी नाई दडवत."

जानेफळला मीच त्यांना घेऊन गेलो. भाऊ अंगणात फवारणीचा पंप उघडून बसला होता. आम्हाला बघून त्यानं मान खाली घातली आणि पाना फिरवत राहिला. त्याची मुलगी पाणी घेऊन आली. जानेफळच्याच शाळेत तासिकेवर शिकवायची ती. साहेबांनी पाणी घेतलं, कागद काढला, आणि मग कुंपणापलीकडे गाय बांधत असलेल्या शेजाऱ्याला हाक मारली, "अहो, जरा या बरं इकडं. दोन मिनिटं."

मला तिथेच कळायला हवं होतं. मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर न्यायला हवं होतं. पण इतकी वर्षं त्यांच्यामागे फिरून मलाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. शेजारी आला, बसला, आणि साहेबांनी सगळं वाचून दाखवलं. आई, मामा, मावशी, ते स्वतः. मग बोट भावाच्या चौकोनावर आलं, आणि त्याखालच्या मुलीच्या गोलावर.

भाऊ उठला. नऊ वर्षांनी तो पहिल्यांदा त्यांच्याशी बोलला. "टमाट्यात भेसळ काढली. आता माह्या रक्तात काढाले आला काय?"

"अरे, तसं नाई. तुह्या जिवासाठी सांगून राह्यलो..."

"निघ."

आम्ही निघालो. गाडीवर मागे बसलेले साहेब सबंध रस्ता म्हणत राहिले, "मी चुकीचं काय सांगतलं? कागद हाय माह्याजवळ." मला चीड आली होती.

शेजाऱ्याच्या तोंडात काही राहिलं नाही. आठ दिवसांत मुलाकडच्यांचा निरोप आला. पत्रिका दुसऱ्या जोशांना दाखवली, ती जुळत नाही. साखरपुडा झालेला, हॉल ठरलेला, आणि पत्रिका आता जुळेनाशी झाली. मी ही बातमी साहेबांना सांगायला गेलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते. त्यानंतर कितीतरी दिवस ते प्लॉटवर आले नाहीत. गळ्यातलं भिंग खुंटीला लटकत होतं.

आणि एका दुपारी ती मुलगी एसटीनं आली. ओसरीच्या खाली उभी राहिली, वर चढली नाही. पूर्वी ती त्यांना मोठेबाबा म्हणायची, त्या दिवशी परक्या माणसासारखं "साहेब" म्हणाली.

"साहेब, तुमच्या कागदामुळं माहं लग्न मोडलं. आता तो कागद माह्या बाबतीत खरा हाय का खोटा, हे मले पाह्यजे."

साहेब उठून उभे राहिले. "त्याले पह्यले तुह्या बापाचं रक्त लागते. त्याच्यात असन तरच तुह्यात असन."

"ते माह्याकडं लागलं."

तिनं बापाला कसं तयार केलं ते तिनंच पुढे काकूंना सांगितलं. म्हणाली, "बाबा, लपवाले आता राह्यलं काय? लग्न तं मोडलं. निदान कशासाठी मोडलं ते तं मले कळू द्या." त्यावर बाप राजी झाला.

आम्ही चौघं गाडी करून संभाजीनगरला गेलो. भाऊ पुढे ड्रायव्हरजवळ, मुलगी मागे खिडकीशी, मधे मी, पलीकडे साहेब. दवाखान्यात कागद भरताना खिडकीवरच्या बाईनं भावाला विचारलं, "सोबत कोण आहे?" त्यानं मुलीकडे बोट दाखवलं.

अहवाल यायला काही आठवडे लागले. भावाच्या रक्तात खोट होती. दुर्बीण घातली तर आतड्यात दोन कोंब निघाले, एक लहान, एक बऱ्यापैकी मोठा. तिथल्या तिथे दुर्बिणीतूनच काढले, पोट फाडावं लागलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा मोठा होता ना, हा पुढे कॅन्सरवर गेलाच असता."

मुलीच्या रक्तात काही नव्हतं. स्वच्छ.

मला वाटलं, साहेब आता सुटले. पण हा निकाल सांगणारा फोन ठेवून ते ओसरीवर बसले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी इतक्या वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "तीस वर्षांत एक चांगला लॉट मी फेल केला नव्हता," म्हणाले. "केला तं हा केला. घरची पोर." काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, "साहेब, भाऊ वाचला न." ते म्हणाले, "त्याले घरात बसवून एकट्यात सांगतलं असतं, तरी तो वाचला असता." ते खरं होतं.

मुलाकडच्यांची पत्रिका महिन्याभरात पुन्हा जुळली, हे सांगायला नकोच. निरोप घेऊन आलेल्याला मुलीनं विचारलं, "रिपोर्ट खराब आला असता तं आले असते काय?" तो गेला. पुढे तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं, आणि त्याला घराण्यातलं सगळं आधी सांगून केलं.

भावाला आता दरवर्षी दुर्बीण घालणं आलं, आणि साहेबांनाही. दोघांना एकाच दिवशीची वेळ मिळाली. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी एक पुडी दोन लिटर पाण्यात कालवून प्यावी लागते, पोट पार धुऊन निघतं. दवाखान्याला पहाटे निघायचं, म्हणून भाऊ आदल्या दिवशी साखरखेर्ड्याला आला. मुलगी त्याला फाटकाशी सोडून गाडीतूनच परत गेली. दोघं ओसरीवर दोन टोकांना दोन तांबे घेऊन बसले. साहेब घड्याळ लावून दर पंधरा मिनिटांनी भावाकडे ग्लास सरकवायचे, तोंडानं काही न बोलता. भाऊ तोंड वाकडं करून प्यायचा.

साहेबांच्या घरी संडास एकच. तासाभरात दोघंही एकदमच उठले आणि दारात आमनेसामने आले. मग भाऊ म्हणाला, "उपट्या, तू जाय पह्यले." साहेब आत पळाले. बाहेर भाऊ भिंतीला टेकून पोट धरून हसत होता, आणि आतून साहेबांच्या हसण्याचा आवाज येत होता. काकू स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी तिथं होतो, म्हणून सांगतो, इतक्या वर्षांचा अबोला असा गेला.

त्यानंतर चार वर्षं हा त्यांचा सणच झाला. मुलगी मात्र दरवर्षी फाटकापर्यंतच यायची. बापाच्या तारखा ती ठरवायची, पुड्या ती आणून द्यायची, पण ओसरी चढली नाही. साहेब आतून तिची गाडी वळताना बघायचे. त्यांनी तिला एकदाही हाक मारली नाही. "तिचा हक्क हाय तो," मला म्हणाले.

साहेबांची गाठ शेवटपर्यंत उलटली नाही. मार्करनं सांगितलं होतं तसंच झालं. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मिरचीच्या नेटमध्ये ते खाली बसले आणि उठले नाहीत. हृदय बंद पडलं.

यंदा दुर्बिणीचा दिवस आला तेव्हा मला वाटलं, भाऊ आता जानेफळलाच पुडी पिऊन थेट जाईल. त्याच्या घरी दोन संडास आहेत. पण तो आला. ओसरीवर आपल्या नेहमीच्या जागी बसला. काकूंनी पुडी कालवून तांब्या समोर ठेवला. मी मुद्दाम दुकान बंद करून गेलो होतो. फाटकाशी गाडी उभी होती, ती या वेळी वळली नाही. मुलगी उतरली, चपला काढल्या, वर आली आणि साहेब बसायचे त्या टोकाला बसली. काकूंनी तिच्यासाठी पाणी आणलं.

अर्धा तांब्या झाल्यावर भावानं ग्लास बाजूला सारला. "बस झालं. पोट साफ झालं."

मुलीनं घड्याळात बघितलं, ग्लास पुन्हा भरला आणि त्याच्या हातात दिला.

"प्या, बाबा," ती म्हणाली. "मोठेबाबानं सोडलं नसतं तुमाले."